सैंधवाची बरणी वेगळी ठेवा

आमचं किराण्याचं दुकान मल्हारगंजात. वडिलांनी सुरू केलं, मी चाळीस वर्षं गल्ल्यावर काढली, आता मुलगा बसतो आणि मी संध्याकाळी दोन तास जाऊन त्याच्या कामात लुडबुड करतो. इंदूरात किराण्याच्या धंद्यात मराठी माणूस तसा शोधावाच लागतो, त्यामुळे आसपासच्या बऱ्याच मराठी घरांचं महिन्याचं सामान आमच्याकडूनच जातं. श्रावण लागला की उपासाच्या मिठाचं, म्हणजे सैंधवाचं, पोतं पुढे येतं आणि त्याबरोबर दर वर्षीचा प्रश्नही येतो, "काका, सैंधव एवढं चांगलं आहे, तर मग रोजच्या भाजीतच का घालू नये?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला दहा मिनिटं लागतात आणि मागे चार गिऱ्हाइकं पिशव्या धरून उभी असतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. मीठ तोललंय, फोडलंय, दळलंय, आणि त्यापायी घरात एकदा चूकही केली आहे. ती पुढे सांगेन.

आधी नावांचा घोळ

वयस्क बायका येऊन म्हणतात, "शेंदेलोण द्या पावशेर." हिंदी बोलणारे सेंधा नमक मागतात, काही जुने पंजाबी लोक लाहोरी नमक म्हणायचे. आणि सुना येऊन मोबाईलवर फोटो दाखवतात, "काका, हे पिंक सॉल्ट आहे का?" सगळ्यांना एकाच पोत्यातून देतो. फरक असतो तो दळणाचा आणि पाकिटाचा.

पादेलोण मात्र वेगळं. त्यालाच काळं मीठ म्हणतात, गुजराती लोक संचळ म्हणतात. मूळ बहुतेक वेळा खाणीतलंच मीठ, पण ते हिरडा, आवळा वगैरे घालून भट्टीत तापवतात. त्यात गंधकाची संयुगं तयार होतात, म्हणून त्याला तो उकडलेल्या अंड्यासारखा वास. ताकात, जलजिऱ्यात ते हवंच. खिचडीत सैंधवाच्या जागी तेवढंच पादेलोण घातलंत, तर मात्र घरभर वास सुटेल आणि खाणारे तोंडं वाकडी करतील.

तिसरं खडे मीठ, म्हणजे जाडं मीठ. ते समुद्राचं. आमच्या लहानपणी पॉट आईस्क्रीमसाठी बर्फात टाकायला हे आणायचे. तीन-चार वाट्या बर्फाला एक वाटी मीठ, आणि हँडल फिरवायला आम्ही मुलं. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे पॉटभोवतालचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. याला सैंधव वापरू नका. चालेल, पण पैसे वाया.

येतं कुठून

सैंधव म्हणजे सिंधूकडचं. संस्कृतात सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही, कारण दोन्ही तिकडूनच यायचे. शाळेत आमचे सर शिकवताना म्हणायचे, "सैंधवम् आनय." जेवताना कोणी असं म्हणालं तर मीठ आणा, प्रवासाला निघताना म्हणालं तर घोडा आणा. शब्दाचा अर्थ प्रसंगावरून घ्यावा, यासाठी पंडितांनी दिलेलं हे जुनं उदाहरण. मला संस्कृत फारसं आलं नाही, हे मात्र डोक्यात बसलं, कदाचित दुकानात दोन्हींपैकी एक वस्तू होती म्हणून.

हे मीठ म्हणजे वाळून गेलेला समुद्रच. पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, तो आटला, मिठाचे थर उरले, त्यावर माती-खडक साचत गेले. आज पाकिस्तानातल्या पंजाबात झेलम जिल्ह्यात खेवड्याची खाण आहे, मिठाच्या डोंगररांगेत. जगातल्या सगळ्यात मोठ्या मीठखाणींमध्ये ती मोजली जाते. सिकंदराच्या सैन्यातले घोडे तिथले दगड चाटायला लागले आणि त्यावरून मीठ सापडलं, अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच घ्या. पक्की गोष्ट अशी की इंग्रजांच्या काळात, 1872 साली, वार्थ नावाच्या इंजिनीअरने तिथे मुख्य बोगदा काढला. खोल्या खोदायच्या आणि जवळपास निम्मं मीठ छत तोलायला खांबांसारखं तसंच ठेवायचं, अशी तिथली पद्धत. रंग येतो लोहाच्या अंशामुळे. कुठे पांढरं, कुठे गुलाबी, कुठे विटकरी लाल.

आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळ द्रंग आणि गुम्मा इथे खनिज मीठ आहे. ते दिसायला काळपट. तिकडे गुरांना चाटायला त्याचे खडे ठेवतात. पण देशाची गरज भागेल असं काही ते नाही. आपलं रोजचं मीठ मुख्यतः गुजरातच्या किनाऱ्यावरच्या मिठागरांतून येतं.

पाकिटावर हिमालय लिहितात, तो विक्रीचा भाग. मिठाची ती डोंगररांग हिमालयाच्या मूळ रांगांपासून बरीच दूर, दक्षिणेला आहे. बर्फाच्या शिखराचं चित्र छापलं की मीठ चढ्या भावात जातं, एवढंच.

पूर्वी आमचा माल अटारीच्या सीमेवरून अमृतसर आणि तिथून इथल्या सियागंजाच्या घाऊक बाजारात यायचा. आडत्याकडे मोठाल्या ढेकळांची पोती असायची, हम्माल पाठीवरून उतरवताना पांढरी-गुलाबी भुकटी उडायची. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवाम्यानंतर पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क लागलं. मे 2025 पासून तर तिथला माल आणायलाच बंदी आहे, तिसऱ्या देशातून फिरवून आणायलाही. त्यामुळे आता कोणी छातीठोकपणे "असली खेवड्याचं, कालच आलं" असं सांगायला लागला, तर मी फक्त हसतो. पाकिटाच्या मागे मूळ देश लिहिलेला असतो, तो वाचा.

घेताना काय बघायचं

शक्यतो खडा घ्या, पूड नको. खड्यात लपवायला जागा नसते. चांगला खडा उजेडात धरला की कडेने थोडा पारदर्शक दिसतो, आत ढगांसारखे पट्टे असतात. नखाने सहज भुगा होत असेल किंवा हाताला ओलसर लागत असेल, तर राहू द्या. मातीचे तपकिरी थर असले तर तो भाग फोडून टाकता येतो. जिभेला कडवट लागला तर मात्र सरळ परत करा. त्यात मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, स्वयंपाकात ती चव जात नाही.

पूड घ्यावीच लागली तर घरी एक साधी परीक्षा करा. मला ती एका गिऱ्हाईक काकूंनी शिकवली, आणि शिकवली म्हणजे सगळ्यांसमोर पाणउतारा करून शिकवली. बरीच वर्षं झाली. एका आडत्याकडून दळलेल्या सैंधवाचं एक पोतं आलं होतं, भाव जरा बरा होता, रंग तर असा छान गुलाबी की मीच खूश. तिसऱ्या दिवशी काकू काचेचा ग्लास घेऊन दुकानात आल्या. पाण्यात चमचाभर मीठ घातलेलं. ग्लास गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे बघ. हे सैंधव आहे की रसना?"

पाणी गुलाबी झालं होतं. अख्खं.

खऱ्या सैंधवाचं तसं होत नाही. ग्लासभर पाण्यात एक चमचा विरघळवून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की पाणी आधी किंचित गढूळ दिसतं, मग वरचं पाणी नितळ होतं आणि तळाला बारीक तांबूस रेघ बसते. रंग त्या गाळात असतो, पाण्यात नाही. पाण्यालाच रंग चढला आणि गाळ बसला नाही, तर तो रंग माणसाने घातलेला. आणि गाळ चिमूटभराहून जास्त निघाला तर तुम्ही माती विकत घेतली. ते पोतं मी परत पाठवलं, पैसे मिळायला आठ महिने लागले, आणि काकू पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे आल्या की आधी ग्लास मागायच्या.

घरी फोडणं आणि दळणं

आमच्या घरी हे काम माझं, कारण सौ. म्हणते की मिठाचा धंदा ज्याचा, मिठाचा पसारा त्याचा.

खडा कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा. धुवायचा नाही, अर्धा वाहून जाईल. जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या तुकड्यात दुहेरी गुंडाळायचा, फरशीवर न ठेवता पाट्यावर ठेवायचा आणि वरवंट्याने किंवा हातोडीने फोडायचा. सैंधव सरळ रेषेत तुटतं, चौकोनी चौकोनी ठोकळे निघतात. ते बघायला मला अजून मजा येते. शेंगदाण्याएवढे तुकडे झाले की थांबा.

आता मिक्सर. मोठा खडा थेट भांड्यात टाकलात तर पातं बोथट होईल, आमच्या पहिल्या मिक्सरचं असंच झालं. शेंगदाण्याएवढे तुकडे, भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरायचं, थांबून थांबून फिरवायचं. झाकण लगेच उघडू नका. दोन मिनिटं धूळ खाली बसू द्या, नाहीतर नाकात जाऊन शिंकांचा कारखाना सुरू होईल. मग सपिटाच्या चाळणीने चाळा. वर राहिलेली भरड टाकून देऊ नका, ती ताकाला, काकडीला, पेरूला छान लागते.

काहीजण मीठ आधी कढईत भाजून घेतात, ओल जावी म्हणून. भाजा, पण मंद आचेवर, आणि तोंड लांब ठेवून. खड्यांच्या आत पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात. तापले की त्यांची वाफ होते आणि खडा तडतडून फुटतो, लाहीसारखा उडतो. माझ्या भावाच्या पापणीला असा एक कण लागला होता. लोखंडी कढई तर वापरूच नका, दुसऱ्या दिवशी ती गंजलेली दिसेल.

गंजावरून आठवलं. दुकानाच्या ज्या कोपऱ्यात मिठाची पोती रचायचो, तिथल्या भिंतीला लोणा लागला. चुना दिला, सिमेंट केलं, पापुद्रे सुटतच राहिले. त्याच कोपऱ्यातला लोखंडी रॅकचा पाय खालून कुरतडल्यासारखा झाला आणि एका दिवाळीत रॅक गुळाच्या भेल्यांसकट बसला. तेव्हापासून मीठ लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर. घरीही हाच नियम पाळा, मीठ धातूच्या डब्यात नको. स्टीलसुद्धा कालांतराने ठिपके धरतं. चिनी मातीची बरणी किंवा काचेची, चमचा लाकडी. समुद्राच्या जाड्या मिठापेक्षा सैंधवाला पाणी कमी सुटतं, तरी इंदूरच्या श्रावणात हवा इतकी दमट होते की तेही ओलसर होतंच. बरणीत तळाला भाजलेले तांदूळ पुरचुंडीत बांधून ठेवा.

मोजायचं कसं

इथे बहुतेकांची फसगत होते. बारीक दळलेल्या मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण 6 ग्रॅम भरतो. भरड सैंधवाचा तोच चमचा त्याहून हलका, कारण कणांमध्ये हवा असते. मग बायका म्हणतात, "सैंधव अळणी असतं हो, दीड चमचा लागतं." अळणी नसतं. तुम्ही चमच्यात कमी घेतलंत, एवढंच. आणि पुढच्या वेळी तेच सैंधव बारीक दळून आलं आणि दीड चमचा घातलंत, तर खिचडी खारट. म्हणून आपल्या घरच्या बरणीतला एक चमचा एकदा तोलून बघा आणि आकडा बरणीवर चिकटवून ठेवा.

आईची एक युक्ती याहून सोपी होती. ती सैंधवाचं पाणी करून ठेवायची. अर्धा लिटरच्या काचेच्या बरणीत उकळून गार केलेलं पाणी आणि त्यात मोठे खडे, साधारण पावकिलो. दोन दिवसांत पाण्याला जेवढं मीठ घेता येतं तेवढं ते घेतं. 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 36 ग्रॅम विरघळतं, त्यापुढे एक कणही नाही. तळाशी खडा दिसतोय तोवर वरच्या पाण्याचा खारटपणा कायम सारखाच. कमी झालं की पाणी टाका, खडा संपत आला की खडा टाका. या पाण्याचा 5 मिलिलिटरचा चमचा म्हणजे दीड ग्रॅमहून किंचित जास्त मीठ. आईला ग्रॅम माहीत नव्हते, तिला "माणशी एक चमचा" एवढंच माहीत होतं, आणि तिची बटाट्याची भाजी कधी खारट झाली नाही. गाळ आपोआप तळाला बसतो, हा दुसरा फायदा. चमचा वरच्यावर बुडवायचा, बरणी हलवायची नाही.

उपासाचे वेफर तळताना हेच पाणी तेलात चमचाभर शिंपडतात, म्हणजे मीठ सगळीकडे सारखं लागतं. तेल जोरात तडतडतं. झारा आडवा धरून लांबून करा, आणि घरात लहान मूल फिरत असेल तर करूच नका, वरून पूड भुरभुरवा.

कशात घालायचं

आधी एक गंमत. पुण्याची माझी मावशी उपासाच्या खिचडीत साधंच मीठ घालते, आणि तिच्या ओळखीतल्या बहुतेक घरांत तसंच आहे. उपासाला सैंधवच, हा कडक नियम मुख्यतः उत्तरेकडचा. आम्ही इंदूरवाल्यांनी तो शेजाऱ्यांकडून उचलला आणि आता मावशी आली की आमची सौ. तिला ऐकवते, "अहो, उपासाला समुद्राचं मीठ कसं चालतं तुम्हाला?" मावशी म्हणते, "विठोबाला चालतं." भांडण तिथेच संपतं. तुमच्या घरी जे चालत आलंय, ते करा.

इंदूरची साबुदाण्याची खिचडी तर महाराष्ट्रापेक्षा वेगळीच. इथल्या सराफा बाजारात बघाल तर साबुदाणा वाफेवर मोकळा केलेला असतो, परतलेला नाही. गिऱ्हाईक आलं की भांड्यात घेऊन त्यावर मसाला, लिंबू, कोथिंबीर, फराळी मिक्स्चर घालून उलथापालथ करून देतात. या पद्धतीत मीठ शेवटी आणि कोरडं पडतं, म्हणून ते पिठासारखं बारीक हवं, नाहीतर दाताखाली कचकच. घरी दाण्याचं कूट घालून परतत असाल तर मीठ कुटात मिसळा, मग साबुदाण्यात. पावकिलो साबुदाण्याला बारीक सैंधवाचा एक सपाट चमचा पुरतो. आणि वर बाजारचा फराळी चिवडा टाकणार असाल तर अर्धाच, कारण त्या चिवड्यात मीठ आधीच ठासून भरलेलं असतं.

आमच्या घरचा फराळी मसाला असा: दोन वाटे भाजलेलं जिरं, दीड वाटा सैंधव, अर्धा वाटा मिरे, थोडा वाळवलेला पुदिना, चवीला आमचूर. ज्यांच्याकडे चालतं ते चिमूटभर पादेलोण टाकतात. भगरीवर, दह्यावर, उकडलेल्या रताळ्यावर, कशावरही. पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचा हा उपासाचा धाकटा भाऊ समजा.

पन्ह्यात सैंधवच. दोन मध्यम कैऱ्या उकडून गर काढला की त्यात गराइतका गूळ, अर्धा चमचा सैंधव, वेलदोडा. चार-पाच ग्लास होतं. ताकात, काकडीच्या कोशिंबिरीत, लिंबाच्या सरबतात छान. आयुर्वेदात तर मिठांमध्ये सैंधवाला पहिला मान आहे. हिंग्वाष्टक चूर्णात ते असतं, आणि जड जेवणाच्या पहिल्या घासाला तूप-भातात ते चूर्ण कालवून घेणारे आमच्या पिढीत घरोघरी होते.

रोजच्या आमटी-भाजीत मात्र मी ते घालत नाही. का, ते आता.

चूक, आणि ती कोणाची

2017 च्या सुमारास मोबाईलवर एक मेसेज फिरत होता: पांढरं मीठ विष, गुलाबी मीठ अमृत, 84 खनिजं. दुकानात मागणी एकदम वाढली. मी स्वतः विकणारा, भाव घरचा, म्हणून घरातलं साधं मीठ बंदच केलं. दोन वर्षं सगळं सैंधवात. बीपी कमी होईल म्हणून मीही हात सैल सोडला.

बीपी कमी झालं नाही, कारण व्हायचं काही कारणच नव्हतं. सैंधव हे 95 ते 98 टक्के तेच सोडियम क्लोराईड, जे साध्या मिठात असतं. बाकी जे दोन ते पाच टक्के उरतं, त्यात ती खनिजं. लोह, पोटॅशियम, मॅग्नेशियम आहेतच, पण दिवसाच्या चमचाभर मिठात इतकी थोडी की मूठभर फुटाणे खाल्लेत तर त्याहून जास्त मिळतील. आणि खनिजांची यादी लांब करायला त्यात शिसंही मोजतात, त्याचं कौतुक कशाला?

मग एकदा सौ.ला फार थकवा यायला लागला, पाय सुजायचे, केस गळायचे. तपासणीत थायरॉईड निघाला. डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरी मीठ कोणतं वापरता?" तिने अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मिठामुळेच झालं असं ते म्हणाले नाहीत, त्याला दुसरी कारणं असतात असंच म्हणाले. पण दुसऱ्याच वाक्यात त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण कोण तेच मीठ खातं? सूनबाईला तेव्हा तिसरा महिना होता. ते ऐकल्यावर त्यांचा आवाज बदलला. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आयोडीनवर अवलंबून असते, आणि सैंधवात आयोडीन नसल्यात जमा.

त्या दिवशी घरी येताना मी आमच्याच दुकानातून साध्या आयोडीनच्या मिठाची पुडी उचलली. मुलाने विचारलं, "लिहू का खात्यावर?" मी काही बोललो नाही.

हिशेब असा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला 250 च्या आसपास. आपल्याकडे आयोडीनच्या मिठात घरापर्यंत पोचताना किमान 15 भाग दर दशलक्ष असावं लागतं, म्हणजे 5 ग्रॅम मिठातून 75 मायक्रोग्रॅम. बाकी दूध, दही, अंडी, मासे यांतून. आपण शाकाहारी, त्यात मीठही बिनआयोडीनचं, मग उरलं काय? आणि याच हिमाचलात, मंडीच्या शेजारच्या कांगडा खोऱ्यात, एकेकाळी गलगंडाचे रुग्ण गावोगावी असायचे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून तिथे आयोडीनचं मीठ देऊन दाखवलं की गलगंड कमी होतो. त्यातून 1962 साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आपल्याकडे मिठात आयोडीन घालायचं हे असं सुरू झालं, मेसेजवाले काहीही म्हणोत. काही पाकिटांवर आयोडीनयुक्त सैंधव असंही लिहिलेलं असतं. ते मिळालं तर प्रश्न थोडा सुटतो, पण पाकीट उलटून वाचल्याशिवाय धरून चालू नका.

म्हणून आमच्या ओट्यावर आता दोन बरण्या. पांढऱ्या झाकणाची रोजची, आयोडीनची, ती घट्ट बंद आणि गॅसपासून लांब, आणि मीठ शिजत आल्यावर घालायचं, म्हणजे आयोडीन कमी उडतं. तपकिरी बरणी सैंधवाची, ती एकादशी, शिवरात्र, श्रावणी सोमवार, पन्हं आणि ताक यांसाठी. महिन्यातून चार-सहा दिवस सैंधव खाल्ल्याने कोणाचं काही बिघडत नाही. चातुर्मासभर साधं मीठ सोडणारे येतात, त्यांना मी विचारतो, घरात कोणी गरोदर आहे का, लहान मूल आहे का, थायरॉईड आहे का. असेल तर म्हणतो, व्रत तुमचं, त्यांच्या ताटात नको.

दोन्ही बरण्या मिळून मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार माणसांच्या घरात महिन्याला 600 ग्रॅम झाले. माझी चार माणसांची गिऱ्हाइकं दीड किलो नेतात, वर लोणचं, पापड आणि शेव वेगळी. इंदूरात शेव कशावर घालत नाहीत ते सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खिमटीत तर कोणतंच मीठ नको, सैंधवही नको. आणि कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं, ते सैंधव नव्हे. त्यात पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. एक आजोबा हेच मीठ सैंधव समजून घेऊन चालले होते, मुलाने पुडी परत घेतली तर रागावले. रोज सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात सैंधव घेणारेही आहेत. बीपी असेल तर ते दिवसाच्या मिठातच धरा.

शेवटी सैंधवाच्या पाण्याची बरणी. दोन-तीन महिन्यांनी तळाला तांबडा गाळ साठतो, तेव्हा ती रिकामी करून घासावी लागते. ते पाणी बेसिनमध्ये ओता, वर तांब्याभर साधं पाणी सोडा. कुंडीत ओतू नका. आमच्या सौ.ने एकदा "मातीतलंच मीठ आहे, मातीत जाऊ दे" म्हणून तुळशीत ओतलं होतं. आठव्या दिवशी पानं करपली, पंधराव्या दिवशी नवीन रोप आणावं लागलं, आणि माती सगळी बदलावी लागली.